घरच्या हातची भेट

नाताळचा सण जवळ येऊं लागला म्हणजे कोणीं कोणास काय द्यावयाचें, हा विचार घरोघर सुरू होतो. आजकाल त्याचें उत्तर फार सोपें झालें आहे. पैसे असले म्हणजे बाजारांत हवी ती वस्तु मिळते, आणि घरबसल्या मागविली तरी एकदोन दिवसांत ती दारांत येऊन पडते. अशा दिवसांत आजीनें विणलेला स्वेटर, आईनें शिवलेली पिशवी किंवा धाकट्या बहिणीनें रंगविलेलें शुभेच्छापत्र हातीं आलें, तर पुष्कळ विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर किंचित् निराशा दिसते. घरीं केलेली वस्तु म्हणजे विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें शोधलेली सोय, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, असें मला वाटतें. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडतों.

दुकानांतला स्वेटर त्या मापाच्या कोणत्याहि मुलास चालतो. आजीचा स्वेटर एकाच मुलासाठीं असतो. टांके घालण्यापूर्वीं त्याचा खांदा किती रुंद, गेल्या वर्षीं बाही कोठें आंखूड झाली, पुढच्या हिंवाळ्यापर्यंत तो किती वाढेल, हें सारें तिला मनाशीं आणावें लागतें. नातू वसतिगृहांत राहत असल्यास केवळ आठवणीवरून माप ठरवावें लागतें. गोधडीचेंहि तसेंच आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालीत जावयाचें, हें काम दुपारच्या फावल्या वेळांत चालतें व त्यास आठवडेच्या आठवडे लागतात. ज्याच्यासाठीं गोधडी शिवावयाची, त्याची आठवण तितके दिवस त्या माउलीपाशीं बसलेली असते. देणाऱ्यानें घेणाऱ्याचा विचार किती वेळ केला, ह्यांतच मी भेटीची खरी किंमत मानतों.

इंग्लंडांतील चित्रकर्त्री व लेखिका बीट्रिक्स पॉटर हिचें उदाहरण घ्या. आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेची मुलगी आजारी होती, म्हणून १९०१ सालच्या नाताळांत पॉटरबाईंनीं तिला एक वही भेट दिली. तींत ग्लॉस्टर गांवच्या एका गरीब शिंप्याची गोष्ट स्वहस्तें लिहिलेली होती व बारा रंगीत चित्रें होतीं. नगराध्यक्षाचें लग्न नाताळच्या दिवशीं, त्याचा पोशाख पुरा व्हावयाचा, आणि शिंपी तापानें अंथरुणास खिळलेला. तेव्हां त्यानें मांजराच्या तावडींतून सोडविलेले उंदीरच तो पोशाख शिवून देतात, अशी ती गोष्ट आहे. रेशमाचा दोरा पुरला नाहीं म्हणून एक काज तेवढें राहून जातें. पुढें गोष्ट छापावयाची ठरली, तेव्हां बाईंना ती वही त्या मुलीकडूनच उसनी मागून आणावी लागली. १९०३ सालीं प्रकाशकांनीं तें पुस्तक बाजारांत आणलें व आज तें देशोदेशीं वाचलें जातें. परंतु त्याचा जन्म एका मुलीसाठीं, एकाच प्रतींत झाला.

हातकामाचा उपयोग विद्यार्थ्यांनाहि किती होतो, हें दुसऱ्या एका हकीकतीवरून दिसतें. जर्मनींतील मोरेव्हियन पंथाच्या निस्की येथील शाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भूमितीचा धडा म्हणून कागदाचा अनेक टोंकांचा तारा करूं लागले. ह्या पंथाचे मिशनरी दूरदेशीं जात, व त्यांचीं मुलें मायदेशीं वसतिगृहांत राहत. नाताळापूर्वींच्या पहिल्या आगमन-रविवारीं हीं मुलें असे तारे करून आपल्या खोल्यांत टांगीत, असें सांगतात. पुढें हर्नहूट गांवीं हे तारे विक्रीसाठीं तयार होऊं लागले व त्या गांवाच्या नांवानेंच ते प्रसिद्ध झाले. आईबाप समुद्रापलीकडे असतां ज्या मुलांनीं ते प्रथम केले, त्यांना त्या कागदाचा काय आधार वाटला असेल, हें वसतिगृहांत राहिलेल्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, ज्या बाईस दिवसभर कामावर जावें लागतें, तिनें विणावें केव्हां आणि शिवावें केव्हां? हा आक्षेप रास्त आहे. लुइझा मे ऑल्कॉट हिच्या 'लिट्ल विमेन' ह्या १८६८ सालच्या कादंबरीच्या आरंभीं चार बहिणी आईला नाताळची भेट देतात. बेथ रुमालांच्या कडा शिवून त्यांवर 'आई' अशीं अक्षरें काढते; बाकीच्या तिघी हातमोजे, सपाता व सुगंधी पाण्याची कुपी विकत आणतात. परंतु त्यांनीं खर्चिलेला पैसा स्वतःच्या हौसेसाठीं जपून ठेवलेला होता, व ती हौस त्यांनीं आईसाठीं सोडली. म्हणून आई चारहि भेटी सारख्याच आनंदानें घेते. कष्टकरी आईनें मजुरींतून पैसा पैसा साठवून आणलेला सदरा हीदेखील तिच्या हातांचीच भेट होय. माझें म्हणणें दुकानाविरुद्ध नाहीं. विचार न करितां दिलेल्या आणि विचार न करितां घेतलेल्या भेटीविरुद्ध आहे.

आतां मुख्य मुद्दा. आपल्या घरांत अशा वस्तु करणारे हात कोणाचे असतात, हें एकदां पाहावें. बहुधा ते आजीचे, आईचे, आत्याचे किंवा मावशीचे असतात. नाताळच्या आठवड्यांत करंज्या, चकल्या आणि लाडू ह्याच हातांनीं व्हावयाचे, पाहुण्यांची उठाबस त्यांनींच करावयाची, आणि रात्रीं सर्व निजल्यावर उरलेले टांकेहि त्यांनींच घालावयाचे. घेणारे पुष्कळ व करणारी एक, अशी ही व्यवस्था आहे. ती प्रेमानें चालते हें खरें. पण म्हणून ती न्यायाची ठरत नाहीं. शिवाय हे हात म्हातारे होत असतात. दृष्टि मंदावते, बोटें दुखतात, आणि एखाद्या वर्षीं सुई खालीं ठेविली जाते ती कायमची. त्या दिवसापर्यंत घरांतल्या कोणीं ती विद्या शिकून घेतली नसेल, तर ती त्या घरांतून जाते.

म्हणून विद्यार्थ्यांना माझें सांगणें तीन गोष्टींचें आहे. घरची भेट मिळाली तर ती पेटींत न ठेवितां करणारीच्या डोळ्यांदेखत वापरावी. ह्यापरती दुसरी पावती तिला नको असते. ती कशी केली हें तिच्याजवळ बसून विचारावें व थोडें तरी शिकावें. हें मुलींचें काम, असें म्हणून मुलांनीं अंग काढून घेऊं नये. त्या गोष्टींतला शिंपी पुरुषच होता. आणि तिसरें, जी सर्वांसाठीं करिते तिच्यासाठीं ह्या नाताळांत प्रत्येकानें एक तरी वस्तु स्वतः करावी. कारागिरी येत नसली तरी अडत नाहीं. आजीला वाचतां येईल अशा ठळक अक्षरांत एक पत्र लिहावें. तेंहि सुचत नसेल, तर तिच्या डब्यांतल्या दहाबारा सुयांत दोरा ओवून त्या एका कापडाच्या उशींत ओळीनें टोंचून ठेवाव्या. ज्या डोळ्यांना सुईचें नेढें आतां दिसत नाहीं, त्यांना ह्या भेटीचा अर्थ न सांगतां कळेल.