कणा आणि गोंडे

आकाशकंदील करताना आधी कामट्यांचा सांगाडा बांधायचा, रंगीत कागद मागाहून. प्रथिनांची चित्रे काढणाऱ्या शास्त्रज्ञांनी मात्र उलटा खटाटोप केला. त्यांनी कागद काढून टाकला आणि सांगाडा तेवढा ठेवला!

त्याला कारणही तसेच होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिचा दोरा तो कणा, आणि त्याला जागोजागी लोंबणारे गोंडे त्या शाखा. १९५८ साली केंब्रिजच्या केंड्रू यांनी मायोग्लोबिन या स्नायूंतील प्रथिनाचा पहिला नमुना प्रसिद्ध केला. तो मातीच्या वेड्यावाकड्या वळकटीसारखा दिसे. पुढे अणू जागच्या जागी दाखवू लागले, तेव्हा सळयांचे असे रान माजले की त्यात माळेची वाटच हरवली. १९८१ मध्ये अमेरिकेतील जेन रिचर्डसन यांनी यावर सुरेख तोड काढली. गोंडे वगळून त्यांनी हाताने नुसता कणा रेखाटला. वेलीच्या तणाव्यासारखे वळसे असतील तेथे गुंडाळलेली फीत, ताणलेला भाग असेल तेथे चपटा बाण आणि मधल्या जोडाला बारीक दोरी! आज संगणक अशी चित्रे क्षणात काढतो.

याच रीतीने आपल्या घरातले एक प्रथिन पाहू. नगर जिल्ह्यात संगमनेर-राहुरीकडून डेअरीला जाणाऱ्या गाईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन असते. १६२ अमिनो आम्लांची ही माळ. नुसती यादी वाचून काही बोध होत नाही. चित्रात मात्र आठ बाण वळून त्यांचे पिंप झालेले दिसते आणि त्याला बाहेरून एक वळसेदार फीत बिलगलेली असते.

पण थांबा! दूध सत्तर अंशांच्या पुढे तापले की हे पिंप उलगडू लागते, आणि त्या फितीखाली दडलेला गंधकाचा गोंडा उघडा पडतो. तो शेजारच्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. तापल्या दुधाचा ओळखीचा वास येतो तोही बराचसा या प्रथिनातल्या गंधकामुळेच. आणि चित्रात तर तो गोंडा काढलेलाच नसतो! औषधाचा रेणू प्रथिनाला धरतो, तोही बहुधा अशाच गोंड्यांच्या आधाराने.

तेव्हा मुलांच्या पुस्तकात ही रंगीत फीत दिसली, तर हे प्रथिनाचे छायाचित्र नव्हे, नकाशा आहे, एवढे त्यांना जरूर सांगावे. नकाशात नगरहून संगमनेरला जाणारी वाट दिसते. खड्डे मात्र एस्टीत बसल्यावरच कळतात.