हात मळू द्या!

मागच्या दिवाळीत एका स्नेह्यांनी भर फराळाच्या ताटावर मला विचारले, “हेडमास्तर, निवृत्तीला चार वर्षं राहिली आणि हे काय आरंभलंय तुम्ही? शोभतं का?” त्यांचा रोख माझ्या नखांकडे होता. तीन वेळा साबण लावूनही नखांतले ग्रीस गेले नव्हते. त्या वेळी तोंडात चकली होती, म्हणून उत्तर राहिले. ते आज देतो. ते एकट्या त्यांना नाही. आपल्या सीमाभागातल्या सगळ्या पांढरपेशा मराठी घरांना आहे. आणि या खटल्यातला पहिला आरोपी मी स्वतः आहे.

तर गोष्ट एका जीपची. महिंद्रची सीजे-३बी, १९७४ सालच्या नोंदणीची, पेट्रोलवर चालणारी. खानापूरच्या बाजूला एका शेतघरामागे ती मला दिसली तेव्हा मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. लहानपणी आमच्या गावात चारचाकी म्हणून जी काय यायची ती हीच. लस टोचणारे तिच्यातून येत, निवडणुकीच्या पेट्या तिच्यातून जात आणि पावसाळ्यात ओढा चढला की अडलेली बाळंतीण तिच्यातूनच दवाखान्यात पोचे. ऐंशी हजारांना सौदा ठरला. देण्याआधी मी चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर घासून, पुसून आरसी बुकाशी ताडून पाहिला. हे ज्याने केले नाही त्याने जीप नव्हे, कोर्टाची तारीख विकत घेतली असे समजावे.

जीप ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. मोठ्या शहरातल्या एका गॅरेजला विचारले, तर ‘पूर्ण नवी करून देतो’ म्हणून त्यांनी आठ लाख सांगितले. हायस्कूलच्या मास्तराकडे आठ लाख मुलीच्या लग्नाला नसतात, ते जीपला कुठून असणार? म्हणून घरीच करायचे ठरवले. तीन वर्षे लागली. खरेदीसकट हिशेब सांगतो, कारण हिशेब लपवणाऱ्याचा उपदेश कोणी ऐकू नये: जीप ८०,०००, इंजिन ५५,०००, ब्रेक व स्टिअरिंग २८,०००, पाच टायर ३०,०००, पत्रा आणि रंग ३५,०००, वायरिंग व बॅटरी १४,०००, किरकोळ १८,०००. एकूण दोन लाख साठ हजार. महिन्याला सात हजारांच्या आसपास. दहावीच्या मुलाच्या शिकवणीला आपण याहून कमी देत नाही, आणि देताना कुरकुरतही नाही.

हे जमले ते माझ्या हुशारीने नाही. मुळात ही गाडीच माणसाने उघडावी म्हणून जन्माला आली आहे. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने सात आठवड्यांत पहिला नमुना उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. चिखलात, खंदकाच्या कडेला, साध्या पान्यांनी शिपायाला ती दुरुस्त करता आली पाहिजे, अशीच तिची रचना होती. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र आणि महंमद या नावाने सुरू झालेल्या कंपनीने ती आणली. फाळणीनंतर महंमद पाकिस्तानात गेले, आणि १९४८ मध्ये नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ पर्यंत निघत होती. आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिली. तिचे बॉनेट उंच का, हेसुद्धा बॉनेट उघडले की कळते. जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. यात हवा आत घेणारे वर हेडमध्ये नेले, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेट उचलावे लागले. लपवाछपवी काही नाही. डोळे उघडे असले की गाडी स्वतःच शिकवते.

आता माझा गुन्हा. जीप घरी आल्यावर मी पहिली खरेदी कसली केली असेल? रंगाची! ऑलिव्ह हिरवा, चार लिटर. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी शाळेला चुना मारण्यात माझी हयात गेली. दुसरे काय सुचणार? मग पुस्तकात वाचून मागच्या चाकांचे ब्रेक स्वतः बांधले, पेडल दाबून पाहिले, घट्ट वाटले, आणि चाकांमागची लाकडी ठोकळी काढली. उताराचे अंगण. दुसऱ्यांदा पेडल दाबले ते थेट पत्र्याला टेकले, आणि जीप घरंगळत तुळशीवृंदावनावर गेली. पाचच मिनिटांपूर्वी तिथे माझी नात रांगोळी काढत बसली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. बायको एवढेच म्हणाली, “अहो, ज्याला कळतं त्याला बोलवा ना. कमीपणा कसला त्यात?”

ज्याला कळते तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी निघाला. आता उद्यमबागेच्या वाटेवर त्याचे गॅरेज आहे. नववीत असताना त्याने दप्तरात कुठल्याशा स्कूटरचा कार्बोरेटर आणला होता. मी तो जप्त केला, त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले आणि प्रगतिपुस्तकात शेरा मारला, ‘अभ्यासात लक्ष नाही. पुढे काही करील असे वाटत नाही.’ एसएसएलसीला गणितात तो गेला. माझा शेरा खरा ठरला म्हणून मला त्या वेळी बरे वाटले होते, हे मी आज लिहून देतो.

तो आला. वृंदावनाकडे पाहिले, जीपकडे पाहिले, रंगाच्या डब्याकडे पाहून हसला. “सर, रंग शेवटी हो. आधी थांबायचं बघूया, मग वळायचं, मग पळायचं.” हे एवढेच सूत्र. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, मग वायरिंग, पत्रा आणि सगळ्यांत शेवटी रंग. पाइपात हवा राहिली होती, म्हणून पेडल खोटे बोलले. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून हवा काढत जवळ यायचे, हे त्याने दाखवले. जुन्या लायनरची धूळ तोंडाने फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असते, ओल्या फडक्याने पुसा, हेही त्यानेच सांगितले. घोडी लावल्याशिवाय नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचे नाही, ही शपथ घातली. पुढच्या चाकांच्या किंगपिनची बेरिंगे झिजली की वेगात हँडल थरथरते. ती त्याने माझ्याकडून दोनदा बसवून घेतली, कारण पहिल्यांदा मी घाई केली होती. माझी वही तपासायची त्याची पद्धत माझ्यापेक्षा बरी होती. शेरा न मारता तो काम पुन्हा करायला लावी.

इंजिन उघडले त्या रविवारची गोष्ट. सिलिंडर झिजले होते, बोअर करावे लागणार होते. तो म्हणाला, “वीस थाऊ मोठं करूया सर. वीस थाऊ म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग.” दशांश अपूर्णांकात नापास झालेला मुलगा! मी पाटी आणली. मूळ सिलिंडरचा व्यास तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच, पिस्टनची धाव चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच, सिलिंडर चार. पाय आर वर्ग एच. उत्तर आले १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर, कंपनीच्या पुस्तकात छापलेला आकडा तोच. तो पाटीकडे बघत राहिला. “हे सूत्र याचं होतं होय सर? मला वाटलं, ते परीक्षेसाठीच असतंय.”

वाचकहो, तीस वर्षे मी हे सूत्र पाठ करून घेतले. एकाही मुलाला सिलिंडर दाखवला नाही. सूत्र शाळेत राहिले, सिलिंडर गॅरेजात राहिला, आणि दोघांची गाठ पडू नये याची काळजी आम्ही मास्तरांनी आणि तुम्ही पालकांनी मिळून घेतली. १९३७ साली वर्ध्याला नयी तालीमचा विचार मांडला गेला. आम्ही गांधीजींच्या तसबिरीला हार घातला आणि टकळी कपाटात ठेवली. २०२० च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांच्या हाताखाली घालवावेत असे लिहिले आहे. त्या दहा दिवसांची सहल होऊ नये, एवढे तरी आपण पाहणार का?

कारागिराशी आपण वागतो कसे, तेही सांगतो. पहिल्या दिवशी त्याने मजुरीचे आठशे सांगितले आणि मी, त्याचा हेडमास्तर, “पाचशे घे की रे,” म्हणालो. क्लासवाल्याने सांगितलेली फी आपण वाकून देतो. ज्याच्या हातावर आपल्या नातवंडांचा ब्रेक अवलंबून, त्याच्याशी तीनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. आणि मुलगी द्यायची वेळ आली की विचारतो, “गॅरेजच आहे ना? नोकरी नाही?”

आपण सीमाभागातले लोक मराठीसाठी लढतो. १९५६ पासून लढतो आहोत, त्याबद्दल मला अभिमान आहे. पण त्या गॅरेजात गेल्यावर माझी मान खाली गेली. तिथे पाना, पक्कड, छिन्नी, पाटे, लांबी हे शब्द जिवंत आहेत. शेजारी कन्नडचे ‘बिगि’ म्हणजे घट्ट आणि ‘सडिल’ म्हणजे सैल हेही नांदतात, कोणाचे कोणाशी भांडण नाही. आणि आमच्या घरची इंग्रजी शाळेतली मुले पक्कडीला ‘ते टूल’ म्हणतात. दुकानाच्या पाटीवर मराठी हवीच, त्यात माघार नाही. पण हातातल्या वस्तूचे नाव ज्याला मराठीत येत नाही, त्याने पाटीसाठी घसा कोरडा करून काय मिळवायचे?

आता दुसऱ्या बाजूचे एक टोक. पैसेवाले हौशी. जीप घ्यायची, पाच लाख मोजून दुसऱ्याकडून ‘तयार’ करून घ्यायची, हत्तीच्या पायाएवढे टायर लावायचे आणि लग्नाच्या वरातीत भोंगा वाजवायचा. मोठ्या टायरने किंगपिन, बेरिंग आणि ब्रेक यांवर वाढीव भार येतो हे त्यांना ठाऊक नसते. कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर लावू नये, पुढची-मागची चाके वळणावर वेगवेगळी फिरतात आणि गिअरपेटीवर ताण येतो, हे ट्रान्स्फरच्या दोन छोट्या दांड्या हातात घेतल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या जीपला पैसा लागला आहे, हात लागलेला नाही. तीही घरे माझ्या स्नेह्यांच्याच पंथातली. फरक एवढाच की ती श्रीमंत आहेत.

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर ओकतात, भंगारातच घाला. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून मी ही जीप रोज शाळेला नेत नाही. पट्टे लावले, तरी ती आजच्या गाडीएवढी सुरक्षित नाही, आणि चाळिसाच्या वर मी तिला पळवत नाही. कायद्याच्या दोन वाटा आहेत. २०२१ च्या जुलैतल्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वीस हजार रुपयांत नोंदवता येते. पण मग ती प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. दुसरी वाट नेहमीच्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करण्याची. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली. मी दुसरी वाट धरली. तपासणीत ब्रेक, दिवे, धूर सगळे पाहिले गेले. पाहिलेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की वय पाहून भंगार ठरवू नका, उघडून पाहून ठरवा. गाडीचेही आणि नववीतल्या मुलाचेही.

प्रगतिपुस्तकातला तो शेरा खोडता येत नाही. शाळेच्या दप्तरात त्याची नक्कल आहे. मी मेस्त्रींना (आता मी त्यांना मेस्त्रीच म्हणतो) ती दाखवली. ते वाचून म्हणाले, “अक्षर चांगलं हाय सर तुमचं.” पुढे काही बोलले नाहीत, पाना उचलला आणि कामाला लागले. गेल्या जूनपासून दर शनिवारी दुपारी दोन तास ते आमच्या अंगणात आठवी-नववीच्या मुलामुलींना शिकवतात. मजुरी ते सांगतात तेवढीच मी देतो. पालकसभेत दोघांनी हरकत घेतली, “मुलांना मेकॅनिक करणार का?” मी म्हणालो, “झाला तर तुमचं भाग्य.” त्यांनी मुले काढून घेतली. उरलेल्या अकरा जणांनी डायनॅमो सोडवून पुन्हा बसवला, आणि त्यात चार मुली आहेत.

तर माझ्या त्या स्नेह्यांना, आणि त्यांच्यासारख्या सर्वांना आग्रहाचे निमंत्रण आहे. पाडव्याला सकाळी आमच्याकडे फराळाला या. घरची मंडळी वाट पाहतील. मात्र येताना जुने कपडे घालून या आणि नातवंडांना बरोबर आणा. मागच्या डाव्या चाकाचे बेरिंग बदलायचे आहे.