परक्या देशातील पहिला दिवस

गेल्या सप्टेंबरात पुण्यातील आपल्या वस्त्यांतून चार मुले उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना झाली. दोघे बोपोडीचे, एक ताडीवाला रोडचा आणि एक मुलगी येरवड्याची, रिक्षाचालकाची लेक. निरोप द्यायला आम्ही विहारात जमलो होतो. भाषणे बरीच झाली (एक आमचेही झाले), पण परक्या मुलखात पहिल्या दिवशी कसे निभवायचे, हे एकानेही सांगितले नाही. सांगणार कसे? आमच्यापैकी कुणी विमानतळाच्या दारापलीकडे गेलेलाच नव्हता.

तो दिवस कसा गेला, हे त्या मुलीने रात्री फोनवर सांगितले. तिची आई आमच्याच घरी येऊन बसली होती.

विमान सकाळी उतरले. कागदपत्रांच्या रांगेत दोन तास गेले. मुलांनी बाहेर येऊन पाण्याची एक बाटली चौघांत घेतली, कारण पौंडाचे रुपये करायचे म्हणजे प्रत्येक किमतीला शंभराहून अधिकने गुणायचे. आम्ही म्हणालो, "पोरी, पहिले आठ दिवस गुणाकार करू नकोस, उपाशी राहशील." विहाराच्या महिला बचत गटाने दिलेल्या पैशांतून पहिल्या महिन्याचे भाडे भागणार होते.

वसतिगृहात स्वयंपाकघर सहाजणांत एक. नायजेरियाच्या एका मुलीने हिला फळी रिकामी करून दिली, शेगडी कशी पेटते ते दाखवले. मग एक मराठी मुलगा आला. मराठी ऐकून आनंदला. दुसराच प्रश्न, "आडनाव काय?" हिने सांगितले. "म्हणजे मूळच्या कुठल्या तुम्ही?" ही म्हणाली, "येरवड्याची. बौद्ध आहे." तो "बरं बरं" म्हणाला आणि शेगडीजवळचा आपला तवा उचलून खोलीत घेऊन गेला.

"त्याला दुसरं काही काम असेल, काका," असे तीच म्हणाली. आम्ही काही बोललो नाही.

बाबासाहेब 1913 च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारलेले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की, हार्टली हॉल या वसतिगृहातले जेवण न रुचल्याने ते आठवड्याभरात कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राची सोबत मिळाली, ती जन्मभर टिकली. शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेला हा विद्यार्थी तिथे सर्वांच्या पंगतीला टेबलावर जेवला. पहिला घास घेताना त्यांना काय वाटले असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो.

आता आपली मुले शेकड्यांनी जातात. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 2003 पासून आहे. पण विमानातून माणसाबरोबर त्याची जातही उतरते. उगाच का अमेरिकेतील सिॲटल शहराने 2023 च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला! आयाबायांनो, मुलांच्या बॅगेत चटणी जरूर भरा. पण आडनाव विचारले तर मान खाली न घालता सांगायचे, हेही घरातूनच शिकवून पाठवा. या पोरीला ते तिच्या आईने शिकवले होते.

संध्याकाळी चौघे थकलेली असूनही चॉक फार्म स्टेशनला उतरून किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरापाशी गेली. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहत. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते विकत घेतले. मुले पोहोचली तेव्हा दार बंद झालेले होते. भिंतीवरची निळी पाटी वाचून ती बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. बोपोडीच्या एकाकडे स्वेटर नव्हता, म्हणून परतावे लागले.

आईने फोन घेतला आणि एवढेच विचारले, "जेवलीस का गं?"

"जेवले. त्या नायजेरियाच्या मुलीबरोबर. तिला शेंगदाण्याची चटणी फार आवडली. अजून पाठव."