बाटलीमागची वाट

उन्हाळ्यात बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत शीतपेयांचा टेम्पो थांबला की भरलेले क्रेट उतरतात आणि रिकाम्या बाटल्यांचे क्रेट चढतात. दिवेआगरकडे निघालेला पर्यटक फ्रीजमधून थम्स अप काढतो आणि वाटेला लागतो. ती बाटली इथवर आली कशी, हे पाहिले तर शीतपेयांच्या धंद्याचे मर्म कळते.

कोकणी माणसाला ते समजावून सांगायला अमृत कोकम पुरेसे आहे. बरणीत असतो तो अर्क. पाणी ज्याच्या त्याच्या घरचे. शीतपेय कंपनीही मुख्यतः अर्क आणि नाव विकते. पाणी, साखर, वायू, बाटल्या, गाड्या हा सगळा खर्च बाटल्या भरणाऱ्या बॉटलरचा. बदल्यात ठरावीक मुलूख त्याचा. २४ बाटल्यांच्या क्रेटमध्ये ३०० मिलीच्या हिशेबाने जेमतेम सव्वासात लिटर पेय मावते, उरलेले वजन काचेचे. असा माल फार दूर नेणे परवडत नाही, म्हणून मुलखागणिक बॉटलर लागतो.

कोका-कोलाला हे पुरते ठाऊक होते. परकीय भांडवलाच्या कायद्यावरून १९७७ मध्ये भारत सोडलेली ही कंपनी १९९३ मध्ये परतली, ती मुंबईच्या पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा विकत घेऊनच. या नावांमागे साठच्या आसपास बॉटलरांचे जाळे उभे होते. ते नव्याने विणायचे तर कितीतरी वर्षे गेली असती. पेप्सीनेही पुढच्याच वर्षी १८८९ पासूनची मुंबईची ड्यूक्स घेतली. मँगोला आणि रास्पबेरीबरोबर चेंबूरचा कारखानाही हाती आला.

विकत घेतलेल्या नावाचे पुढे काय, हे मात्र नवा मालक ठरवतो. गोल्ड स्पॉट बाजारातून गेले. थम्स अप गिऱ्हाइकाने सोडले नाही, म्हणून टिकले. २०२१ मध्ये त्याची वर्षाची विक्री १ अब्ज डॉलरवर पोहोचली.

बॉटलरांचेही चक्र फिरत असते. जम बसवताना कंपनी त्यांना विकत घेते. घडी बसली की कारखान्यांत अडकलेले भांडवल मोकळे करते. कोका-कोलाने आधी अनेक बॉटलर ताब्यात घेतले, मग २०२४ मध्ये राजस्थान, बिहार, ईशान्य भारत असे मुलूख पुन्हा भागीदारांना दिले. त्याच वर्षाअखेरीस आपल्या भारतीय बॉटलिंग व्यवसायातील ४० टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया समूहाला विकण्याचे ठरवले. त्याआधी, २०२३ मध्ये, याच व्यवसायाच्या १,३८७ कोटींच्या कारखान्याचे भूमिपूजन आपल्या कोकणातल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे-परशुरामला झाले.

मग आपल्या कोकमाचे काय? अर्क आहे, चव आहे, उन्हाळ्यात गिऱ्हाईकही दारात येते. नाही ती वाट. प्रत्येक बचत गट आपापल्या बाटल्या भरतो, आपापले लेबल चिकटवतो आणि बहुधा गावच्या वेशीशीच थांबतो. तालुक्यात सामाईक बाटलीभरणी केंद्र, एक नाव आणि ठरलेल्या दिवशी फिरणारा एक टेम्पो एवढ्याने सुरुवात होऊ शकते. ते नाव मात्र सर्व गटांच्या सामाईक मालकीचे हवे. उद्या मोठे गिऱ्हाईक ते मागायला आले, तर गोल्ड स्पॉट आठवून किंमत सांगता येईल.