वेळ आपली, किल्ली त्यांची



मुंबई आकाशवाणीवरची 'कामगार सभा' आपल्यापैकी जुन्या मंडळींना चांगली आठवत असेल. पण नेमकी त्याच वेळेला ज्याची पाळी असे, त्याच्या वाट्याला ती यायची नाही. घरी आल्यावर शेजारी सांगेल तेवढेच ऐकायचे. घड्याळ केंद्राचे असे, आपण फक्त हजर राहायचे. आजची मुले 'कार्यक्रम किती वाजता लागतो?' असे विचारतच नाहीत. हवे तेव्हा लावतात, नको ते पुढे ढकलतात. या सवयीपुढे इंटरनेटवरचा रेडिओ कसा बदलला, ते आज पाहू.

७ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले विद्यार्थ्यांचे 'डब्ल्यूएक्सवायसी' हे केंद्र इंटरनेटवर ऐकू येऊ लागले. या मार्गाने गेलेल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी ते एक. त्याचे बोल दुसऱ्या देशात पोहोचले खरे, पण वेळ चुकली की कार्यक्रम चुकलाच.

ही अडचण बीबीसीने ओळखली. २००२ साली तिने 'रेडिओ प्लेअर' सुरू केला. झालेला कार्यक्रम पुढचे सात दिवस इंटरनेटवर पुन्हा ऐकता येऊ लागला. पुढे बहुतेक कार्यक्रमांची मुदत तीस दिवसांवर गेली. २०१८ साली 'बीबीसी साउंड्स' हे अ‍ॅप आले. त्यात चालू कार्यक्रमही मागे नेऊन सुरुवातीपासून ऐकता येतो. म्हणजे उशिरा येणाऱ्यासाठी रेडिओ थांबायला शिकला. पाळीने काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

मग तीस दिवसांनीच कार्यक्रम का काढून घेतात? जागा पुरत नाही म्हणून नव्हे. बीबीसीच्या रेडिओ ४ वरची 'इन अवर टाइम' ही चर्चेची मालिका १९९८ पासून चालू आहे आणि तिचे अगदी जुने भागही ऐकायला मिळतात. गाण्यांचा कार्यक्रम मात्र महिन्याभरात जातो. याचे मोठे कारण गाण्याची मालकी. चर्चेचे बोल बहुतांशी केंद्राचे असतात. गाणे गायक-संगीतकाराचे आणि रेकॉर्ड कंपनीचे असते. एकदा वाजवायची परवानगी वेगळी आणि मागणाऱ्याच्या हातात हवे तेव्हा द्यायची वेगळी. दुसरी महाग पडते.

अमेरिकेने तर हे कायद्यातच लिहिले. तिथल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे सरसकट परवान्यावर चालणाऱ्या इंटरनेट रेडिओला तीन तासांत एकाच अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी लावता येत नाहीत आणि पुढे कोणते गाणे येणार ते आधी सांगता येत नाही. झालेला कार्यक्रम पाच तासांपेक्षा लहान असेल तर तो मागून ऐकायला ठेवता येत नाही. मोठा असेल तरी दोनच आठवडे. 'पँडोरा' नावाच्या सेवेवर नको असलेले गाणे तासाला सहाच वेळा पुढे ढकलता यायचे, तेही याच परवान्याच्या चौकटीमुळे. ऐकणाऱ्यांना वाटे, यंत्रच कंजूष आहे! अखेर २०१७ साली पँडोराने रेकॉर्ड कंपन्यांशी वेगळे करार करून पैसे भरणाऱ्यांना हवे ते गाणे द्यायला सुरुवात केली. लहान केंद्रांना असे करार कुठून परवडणार? हजारो हौशी केंद्रांना जागा देणारे 'लाइव्ह ३६५' तर जानेवारी २०१६ मध्ये बंदच पडले होते. लहान केंद्रांना मिळणारी हक्कशुल्काची सवलत २०१५ अखेर संपली, हे त्याचे एक मुख्य कारण. पुढे २०१७ साली ते नव्या मालकाने पुन्हा सुरू केले.

म्हणून 'हवे तेव्हा ऐका' ही जाहिरात जरा जपून वाचावी. घड्याळ आपल्या हाती आले, कपाटाची किल्ली आली नाही. जुलै २०२५ मध्ये बीबीसीने ब्रिटनबाहेरच्या लोकांसाठी साउंड्स बंद केले. रेडिओ ४, जागतिक सेवा आणि पॉडकास्ट यांची सोय दुसरीकडे केली, पण साउंड्स हे दुकान आपल्यासाठी मिटले.

आपल्याकडे आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅपवर दोनशेहून जास्त वाहिन्या चालू ऐकायला मिळतात. मुंबई, पुणे, नागपूरची मराठी बातमीपत्रे वेळ टळून गेल्यावरही तिच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसार भारतीने गोव्यात 'वेव्हज' हे अ‍ॅप सुरू केले. त्यात दूरदर्शनच्या जुन्या मालिकांबरोबर रेडिओही आहे. बातमीपत्र हे बोलणे, त्यामुळे ते ठेवणे सोपे. पण श्रोत्यांच्या पसंतीच्या गाण्यांचा कार्यक्रम आला की गाडी पुन्हा गाण्याच्या मालकाशी येऊन अडते.

आता खिशाचा हिशेब. साध्या दर्जाचा आवाज, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, तासाभरात सुमारे २९ एमबी डेटा खातो. दुप्पट दर्जा घेतला तर ५८ एमबी. चालू कार्यक्रम असो की मागचा, खर्च सारखाच. पण मागचा कार्यक्रम जिथे फुकट वाय-फाय मिळेल तिथे उतरवून ठेवता येतो आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये नेट न लावता ऐकता येतो. चालू रेडिओला ती सोय नाही. उतरवण्याचे चिन्ह बहुतेक अ‍ॅपमध्ये खाली टोक असलेल्या बाणाचे असते. घरातल्या मुलामुलींना विचारा, ती एका मिनिटात दाखवतील.