नमुना घेतला, पुढे काय?

दिवाळीच्या तोंडावर खव्याचा साठा पकडल्याची बातमी येते. नमुने घेतल्याचे फोटो छापून येतात. त्या नमुन्यांचं पुढे काय झालं, हे मात्र वाचायला मिळत नाही.

1. कायदा कडक आहे. 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून अंमलात आला. निकृष्ट मालाला 5 लाखांपर्यंत दंड, असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर किमान 7 वर्षं कैद.

2. घोडं अडतं प्रयोगशाळेत. अहवालासाठी कायद्याने 14 दिवस दिलेत. पेढे-बर्फी त्याआधीच संपलेली असते. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी उठवली, त्याचं एक कारणही प्रयोगशाळाच होत्या: तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना कायद्यानुसार मान्यता नव्हती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत हवी.

3. 2006 च्या कायद्याचं कलम 40 किती जणांना माहीत आहे? फी भरून कोणीही ग्राहक अन्न तपासून घेऊ शकतो, दोष निघाला तर फी परत मिळते. पण अट अशी, की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. मी एकदा सांगून पाहिलं. पाव किलो पनीर तोलून झालं होतं. मालकाने पुडा माझ्यासमोरून उचलला, पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "काका, तुम्ही दुसरीकडे बघा." मागे रांग होती, तिला त्याच परातीतलं पनीर मिळत राहिलं. ही अट काढून टाका. ग्राहकाने सीलबंद पाकीट किंवा बिलासकट माल आणून द्यावा, एवढं पुरे.

4. वडापाव वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. गरम वड्याला शाई लागते. पण गाडीवाल्याची पावती फाडून मोहीम संपते, हे बरोबर नाही. त्याला आधी स्वस्तात साधा कागद मिळवून द्या, मग दंड करा.

5. 1 जानेवारी 2022 पासून बिलावर 14 अंकी परवाना क्रमांक छापणं सक्तीचं आहे. तो नुसता आकडा म्हणून आमच्या काय कामाचा? मोबाइलवर तो टाकला की त्या दुकानाचा शेवटचा नमुना कधी घेतला, निकाल काय लागला आणि दंड भरला की नाही, हे मराठीत दिसलं पाहिजे.