विश्लेषण : पूर्ण भूल देऊन दुरुस्त केलेले मुलांचे दात पुन्हा का किडतात?

चार वर्षांचे मूल, आठ-दहा किडलेले दात, रात्री-अपरात्री उठणारा ठणका आणि दवाखान्यात तोंड उघडायलाही नकार. अशा वेळी डॉक्टर सुचवतात, ‘पूर्ण भूल देऊन सगळे दात एकाच वेळी करून घेऊ.’ पालक धास्तावतात, भुलीच्या धोक्याविषयी विचारतात. ते योग्यच. पण घरी आल्यानंतर काय, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

भूल कितपत सुरक्षित?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता. तीन वर्षांखालील मुलांना दीर्घकाळ किंवा वारंवार भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा तो होता. मात्र तान्ह्या बाळांवरील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एकदाच, तासाभराहून कमी काळ भूल दिलेल्या मुलांच्या बौद्धिक विकासात पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. म्हणजे एका वेळची भूल हा बागुलबुवा नाही. पुन:पुन्हा भूल देण्याची वेळ येऊ नये, हे महत्त्वाचे. दात करणारे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ वेगवेगळे आहेत ना, हे आधीच विचारावे. मूल रडते म्हणून उपाशीपोटाचा नियम मोडून गुपचूप दूध-बिस्कीट देऊ नये. पोटातले अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतू शकते.

फायदा काय होतो?

दुखणे थांबते, मूल नीट जेवते आणि झोपते. हा फरक पालकांना लवकरच जाणवतो. मोठ्या किडीच्या दाढेवर नुसत्या फिलिंगपेक्षा स्टीलची कॅप जास्त टिकते.

मग कीड परत का येते?

कारण भुलीखाली दात दुरुस्त होतात, सवयी नाहीत. बाटलीतले गोड दूध तोंडात ठेवून झोपणे, दिवसभर बिस्कीट-चॉकलेट चघळणे, मुलाच्याच हाती सोपवलेला ब्रश हे सारे तसेच राहते. त्यामुळे अशा अनेक मुलांच्या दातांत वर्ष-दोन वर्षांतच नवी कीड दिसते. इंग्लंडमध्ये मुलांचे दंतोपचार सरकारी आरोग्यसेवेत मोफत आहेत. तरीही ५ ते ९ वयोगटातील मुले रुग्णालयात दाखल होण्याचे सर्वांत मोठे कारण तिथे दातांची कीड हेच आहे. नुसत्या उपचारांनी हा आजार हटत नाही, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

काय करायला हवे?

घरी जाताना पालकांच्या हाती बिलासोबत पुढच्या तपासणीची तारीखही पडली पाहिजे. किडीचा धोका जास्त असलेल्या मुलांची दर तीन महिन्यांनी तपासणी आणि दातांवर फ्लोराइडचा लेप, हा शस्त्रक्रियेचाच भाग मानायला हवा. घरी दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करावा. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश पालकांनीच फिरवावा. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याखेरीज काही नको.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षे मुलाने दुखणे सोसायचे का? भूल तासाभराने उतरते. खरी जबाबदारी त्यानंतर सुरू होते आणि ती डॉक्टर व पालक दोघांचीही आहे.